परवाना हाती येईपर्यंत पोत्याचे तोंड शिवलेलेच राहू द्या

वाचकाचे पत्र

ताई, सादर नमस्कार. निपाणी तालुक्यात माझी साडेतीन एकर काळी जमीन आहे. दीड एकरात ऊस असतो आणि उरलेल्या दोन एकरांत वडिलांच्या काळापासून विडीची तंबाखू. आता तंबाखूला मजूर मिळत नाही आणि दराचा भरवसा राहिलेला नाही, म्हणून मी दुसऱ्या पिकाच्या शोधात होतो. दिवाळीनंतर पुतण्याच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. भांगेच्या झाडाला आता ‘हेम्प’ म्हणतात, त्यापासून कापड, कागद, घराच्या भिंती आणि कर्करोगापर्यंतची औषधे होतात, सरकारने परवानगी दिली आहे, बी आम्ही देऊ आणि माल आम्हीच उचलू, असे त्यांनी सांगितले. धाग्याला एक दर आणि फुलांना त्याच्या कितीतरी पट दर लिहून दिला. उत्तराखंडातील परवान्याची झेरॉक्स दाखवली. मी २५,००० रुपये भरले. पावती साध्या कागदावर आहे. बियांचे पोते माळ्यावर ठेवले आहे. भीती वाटत असेल तर जमीन आम्हाला खंडाने द्या, असेही ते म्हणतात. करार इंग्रजी आणि कन्नडमध्ये आहे; मला दोन्ही नीट वाचता येत नाही. शिवाय आईच्या गुडघ्यांसाठी त्यांनी ‘विजया तेला’ची एक बाटली दिली आहे, जिभेखाली थेंब टाकायचे. आई ७४ वर्षांची आहे आणि हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. पेरावे की नाही आणि आईला तेल द्यावे की नाही, हे कृपया स्पष्ट सांगा.
— एक शेतकरी, निपाणी तालुका

उत्तर

बंधू, सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्पष्ट उत्तर मागितले आहे, म्हणून तेच आधी देते. ते बी पेरू नका, जमीन खंडाने देऊ नका, करारावर सही किंवा अंगठा करू नका, आणि आईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ती बाटली पाहून होकार देईपर्यंत तिला एक थेंबही देऊ नका. आईला तेल सुरू केले असेल, तर ते आज थांबवा आणि या आठवड्यात तिची पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी, तपासणी करून घ्या. मात्र रक्त पातळ राहण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आता या प्रत्येक गोष्टीचे कारण सविस्तर लिहिते, कारण त्या गृहस्थांनी तुम्हाला सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत, आणि तुमची अडचण नेमकी तिथेच आहे. सगळेच खोटे असते, तर तुम्ही अर्ध्या तासात ओळखले असते.

हे झाड उपयोगाचे आहे, यात शंका नाही. त्याच्या खोडाच्या सालीत लांब, चिवट धागा असतो आणि त्याचे दोर, शिडाचे कापड, गोणपाट शेकडो वर्षे होत आले आहेत. साल काढल्यावर उरणाऱ्या गाभ्याचे तुकडे चुन्यात कालवून भिंती भरतात; त्या भिंतींवर छताचा भार देत नाहीत, लाकडी किंवा लोखंडी चौकटीत त्या भरून घेतात, आणि त्यांच्यामुळे घरात उष्णता कमी शिरते. आपल्याकडचाच दाखला द्यायचा, तर वेरूळच्या लेण्यांचा देता येईल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंग आणि औरंगाबादच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे एम. एम. सरदेसाई यांनी तेथील मातीचा गिलावा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आढळले. २०१६ साली त्यांचे हे संशोधन प्रसिद्ध झाले. या मिश्रणामुळे गिलावा टिकला आणि किडीपासून वाचला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बियांचेही तसेच. त्यांत प्रथिने आणि तेल भरपूर असते, कुमाऊँ-गढवालमध्ये त्यांची चटणी रोजच्या जेवणात असते, आणि २०२१ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हेम्पचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता देणारी मानके जाहीर केली. तेव्हा ‘सरकारने परवानगी दिली आहे’ हे वाक्य खाण्याच्या बियांपुरते खरे आहे. तुमच्या दोन एकरांपुरते मात्र ते खरे ठरत नाही, कारण बी खाण्याची परवानगी आणि झाड लावण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायद्याकडे वळण्यापूर्वी ‘हेम्प’ या शब्दाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या भागात या एका शब्दामुळे फार गोंधळ होतो. इंग्रजीत धागा देणाऱ्या कितीतरी झाडांना हेम्प म्हणतात. आपण हिरवळीच्या खतासाठी पेरून गाडतो तो ताग म्हणजे त्यांचा ‘सन हेम्प’ आणि आपली अंबाडी म्हणजे ‘डेक्कन हेम्प’. माझे माहेर हुक्केरी तालुक्यातले. तेथे ज्वारीच्या रानात चार-सहा ओळींमागे अंबाडीची एक ओळ असायचीच. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, शेजारच्या कन्नड घरांत त्याच पाल्याची पुंडीपल्ले व्हायची, आणि झाड फुलावर येऊन गेले की वडील ते बुडापासून कापून त्याच्या पेंढ्या बांधायचे. हिरण्यकेशीच्या कडेच्या डबक्यात त्या पेंढ्या दगड ठेवून बुडवायच्या आणि पंधरा दिवस वाट पाहायची. त्या पाण्याचा कुबट वास अंगाला चिकटला की दोन अंघोळींनी जात नसे. मग बुडाकडून नखाने साल सोडवायची, एका ओढीत ती शेंड्यापर्यंत सुटून यायची, आपटून धुतली की पिवळसर वाख हाती राहायचा आणि पांढऱ्या काड्या चुलीला जायच्या. कर्नाटकी बेंदराला बैलांच्या अंगावर नवे कासरे आणि दावी असत, ती याच वाखाची. हे सगळे लिहिण्याचे कारण असे की अंबाडीची वरची पाने पंजासारखी चिरलेली आणि कातरलेल्या कडांची असतात, आणि ती दुरून भांगेच्या पानांसारखी दिसतात. फिकट पिवळे फूल आणि त्याच्या तळाशी गडद लाल ठिपका दिसला की ती अंबाडी. तिला आणि तागाला कोणाचाही परवाना लागत नाही. म्हणूनच कोणी ‘हेम्पला परवानगी आहे’ म्हटले, तर पहिला प्रश्न ‘कोणत्या हेम्पला?’ असाच विचारावा.

आता कायदा. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, हा केंद्राचा कायदा आहे. त्यामुळे तो निपाणीला जसा लागू आहे, तसाच राज्याच्या सीमेपलीकडे कागलला आणि गडहिंग्लजलाही लागू आहे. त्याच्या ८ व्या कलमाने भांगेचे कोणतेही झाड लावण्यास मनाई केली आहे. बारकाईने वाचा: कोणतेही झाड. गांजा म्हणजे काय हे ठरवताना कायदा शेंड्यांची फुले-फळे धरतो आणि शेंड्यांशिवाय असलेली पाने व बी वगळतो. परंतु लागवडीच्या बाबतीत अशी कोणतीही सूट दिलेली नाही. धाग्यासाठी लावले, शोभेसाठी लावले किंवा बांधावर आपोआप उगवलेले जाणूनबुजून वाढवले, तरी विनापरवाना लागवड हा २० व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०२२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात भांग ही या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत बसत नाही असे म्हटले होते. ते कात्रण कोणी तुम्हाला दाखवले, तर ते तयार भांगेबद्दल आणि एका जामिनापुरते आहे, तुमच्या रानातल्या झाडांना त्याचा काही आधार नाही, हे ध्यानात ठेवा.

या मनाईला कायद्यानेच एक दार ठेवले आहे आणि ते १४ व्या कलमात आहे. केवळ धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कामासाठी, किंवा बागकामासाठी, सरकार सर्वसाधारण किंवा विशेष आदेश काढून, अटी घालून, या झाडाच्या लागवडीला मुभा देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ साली देशात सर्वप्रथम याच मार्गाने औद्योगिक हेम्पच्या लागवडीचे परवाने देण्यास सुरुवात केली. तेथे नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत असलेच पाहिजे, अशी अट आहे. त्या गृहस्थांनी दाखवलेली झेरॉक्स खरी आहे असे क्षणभर धरले, तरी ती उत्तराखंडातील ठरावीक जमिनीवर, ठरावीक परवानाधारकासाठी आहे. दारूच्या दुकानाचा महाराष्ट्रातला परवाना दाखवून बेळगावात दुकान उघडता येत नाही. त्याचप्रमाणे डेहराडूनचा शिक्का असलेला कागद निपाणीच्या उताऱ्यावरील गट क्रमांकाला संरक्षण देऊ शकत नाही. तुमच्या हाती कर्नाटक सरकारचा, १४ व्या कलमाचा उल्लेख असलेला, तुमचे नाव आणि तुमचा गट क्रमांक लिहिलेला आदेश हवा. तो नसेल, तर बाकीच्या सगळ्या कागदांचे वजन शून्य आहे.

तुमच्या पत्रातील ज्या ओळीने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, ती फुलांच्या दराची आहे. धाग्यासाठी लागवड करणाऱ्याला फुलांचे काही काम नसते; उत्तम धागा हवा असेल, तर झाडे दाट पेरतात आणि फुलोरा पक्व होण्यापूर्वीच कापतात. फुलांना धाग्याच्या कितीतरी पट दर देणारा माणूस धागा विकत घेत नाही, तो शेंडे विकत घेतो, आणि कायद्याच्या भाषेत त्या शेंड्यांचेच नाव गांजा आहे. या कायद्याखाली एक किलोपर्यंत गांजा ही अल्प मात्रा आणि २० किलोंहून जास्त ही व्यावसायिक मात्रा धरली जाते. व्यावसायिक मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आहे आणि ३७ व्या कलमामुळे जामीन मिळणे अत्यंत कठीण होते. दोन एकर रानातला फुलोरा वीस किलोंची मर्यादा किती सहज ओलांडेल, हे तुम्हा शेतकऱ्याला मी सांगायला नको. त्यात टीएचसी कमी आहे की जास्त, हे डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही झाडे एकाच जातीची, पाने तीच, वास तोच. फरक फक्त प्रयोगशाळेत कळतो, आणि नमुना प्रयोगशाळेतून परत येईपर्यंत माणूस कोठडीत असतो.

जमीन खंडाने देण्याची सूचना तर त्याहून घातक आहे. ऐकायला ती सोपी वाटते: पीक त्यांचे, जोखीम त्यांची, आपल्याला वर्षाचा खंड. परंतु याच कायद्याच्या ४६ व्या कलमाने जमीनधारकावर कर्तव्य टाकले आहे की आपल्या जमिनीत बेकायदा भांगेची लागवड असेल, तर त्याने ती माहिती पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला ताबडतोब दिली पाहिजे. जाणूनबुजून न देणारा स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. जे तुम्हाला पत्र लिहितानाच माहीत आहे, ते उद्या ‘मला माहीत नव्हते’ असे कसे म्हणता येईल? आणि उतारा तुमच्या नावाचा असल्याने पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतील.

कायदा घटकाभर बाजूला ठेवून केवळ पीक म्हणून पाहिले, तरी मला हा व्यवहार पटत नाही. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालते. रात्र मोठी होऊ लागली की ते उंची वाढवणे थांबवून फुलोऱ्यावर येते. युरोपात धाग्यासाठी तयार केलेले वाण तेथील उन्हाळ्यातल्या सोळा-सोळा तासांच्या दिवसांत वाढण्यासाठी निवडलेले आहेत; आपल्याकडे वर्षातला सर्वांत मोठा दिवसही जेमतेम तेरा तासांचा असतो. असे वाण येथे लावले की ते लवकर फुलोऱ्यावर येतात, खोड आखूड राहते आणि धागा तोकडा निघतो. मग पुढचा प्रश्न उरतो: कापलेली ताटे नेणार कुठे? ताटांत धागा पाव हिश्श्याच्या आसपास असतो, बाकीचा गाभा. साल आणि गाभा वेगळे करणारे यंत्र शेताजवळ नसेल, तर ट्रक भरून काड्यांची वाहतूक करावी लागते, आणि उसाच्या गाडीभाड्याचा हिशेब तुम्ही दरवर्षी करता, त्यामुळे त्यात काय उरते ते तुम्हाला कळेल. यंत्र कुठे बसवले आहे, हे त्या गृहस्थांनी तुम्हाला सांगितले आहे का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

‘बी आम्ही देऊ, माल आम्ही उचलू’ हे वाक्य मी माझ्या घरात ऐकले आहे. माझ्या थोरल्या भावाने ऊस मोडून पाऊण एकरात सफेद मुसळी लावली होती. कंद महाग दराने त्यांच्याकडूनच घ्यायचे, वाळलेला माल त्यांनीच घ्यायचा, असा स्टॅम्प पेपरवरचा करार होता. पीक वाईट आले नाही. वहिनीने आणि दोन बायकांनी महिनाभर बसून मुळ्या सोलल्या, सावलीत वाळवल्या, आणि पांढरीशुभ्र मुसळी भरलेले तीन डबे देव्हाऱ्याखाली ठेवले. माल उचलणाऱ्यांचा फोन आधी लागत नव्हता, मग तो क्रमांकच बंद झाला. ते डबे चार वर्षे तेथेच होते. शेवटी मुंग्या लागल्या म्हणून वहिनीने परड्यात ओतले. भावाकडे करार होता, आणि मुसळी लावणे गुन्हा नव्हता, म्हणून निदान त्याला ग्राहक मंचाचे दार तरी ठोठावता आले. तुमच्या बाबतीत तेही होणार नाही, कारण ज्या कराराचा उद्देशच बेकायदा आहे, तो भारतीय करार कायदा, १८७२ च्या २३ व्या कलमानुसार रद्द ठरतो. दर दिला नाही, माल उचलला नाही, म्हणून न्यायालयात जायचे, तर आधी आपणच परवान्याशिवाय काय पेरले ते सांगावे लागेल.

तंबाखूला कंटाळून माणूस दुसरे काही शोधतो, हे मी समजू शकते. याच निपाणीत १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले होते आणि गोळीबारात आपल्या माणसांचे जीव गेले होते. त्या घरांतली दुसरी-तिसरी पिढी आज तेच पीक घेत आहे आणि तोच प्रश्न विचारत आहे. म्हणून ‘नको’ एवढेच सांगून मला थांबता येत नाही. धाग्याच्या पिकाचीच ओढ असेल, तर अंबाडी आणि जवस ही दोन्ही आपल्या मातीला ओळखीची आहेत, फक्त त्यांचा बाजार आधी चौकशी करून मगच पेरा. तंबाखूला पर्याय म्हणून काळ्या रानात काय बसते, यासाठी धारवाड कृषी विद्यापीठाच्या निपाणी येथील संशोधन केंद्रात आणि तुमच्या होबळीच्या (महसुली मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात स्वतः जाऊन बोला; दोन एकरांपैकी वीस गुंठ्यांतच पहिल्या वर्षी प्रयोग करा.

आता आईविषयी. येथे मला जास्त काळजी वाटते, कारण पीक एक हंगाम वाया गेले, तर पुढचा हंगाम येतो.

या झाडाचे औषधी गुण हे आजचे खूळ नाही. आयुर्वेदात ते विजया या नावाने आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली धनुर्वात आणि लहान मुलांच्या आकडीवर त्याचा उपयोग करून पाहिला आणि तेव्हापासून पाश्चात्त्य वैद्यकाचे त्याकडे लक्ष गेले. आज ज्या उपयोगांना भक्कम पुरावा आहे, ते मोजके आहेत. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या बालपणीच्या अतिशय दुर्धर अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचे (या झाडातील नशा न आणणाऱ्या घटकाचे) औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. ड्रॅव्हेच्या मुलांवरील चाचणीत महिन्याला साधारण १२ झटके येत होते, ते औषधाने ६ वर आले, म्हणजे निम्मे कमी झाले, सगळ्यांचेच बंद झाले नाहीत. कर्करोगाच्या केमोथेरपीने होणारी मळमळ आणि उलट्या कमी करण्यासाठी टीएचसीसारख्या रेणूंच्या गोळ्या १९८५ पासून आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातील स्नायूंच्या आखडण्यावर तोंडात फवारण्याचे औषध काही देशांत आहे. त्या गृहस्थांनी ‘कर्करोगाचे औषध’ म्हटले, त्यातला खरा भाग उलट्या थांबवण्यापुरता आहे. त्याने माणसाचा कर्करोग बरा होतो, असे कोणत्याही चाचणीने सिद्ध झालेले नाही, आणि कोणा रुग्णाने त्या आशेवर उपचार सोडू नयेत.

तुमच्या आईचा प्रश्न गुडघ्यांचा आहे, आणि नेमक्या त्याच दुखण्यावर व्हिएन्नातील डॉक्टरांनी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. झिजलेल्या गुडघ्यांच्या रुग्णांना पॅरासिटामॉलच्या जोडीला काहींना दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत सीबीडी आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. दोन्ही गटांच्या वेदनेत फरक पडला नाही. थेंबथेंब घेण्याच्या बाटलीतून एवढी मोठी मात्रा सहसा जातही नाही. दुखणाऱ्या माणसाला आशा दाखवणे सोपे असते आणि आई रात्री गुडघे चोळत बसलेली पाहवत नाही, हे मी जाणते. पण या बाबतीत मला तुम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट रक्ताची. सीबीडी यकृतातील ज्या विकरांना अडवते, त्यांच्याच साहाय्याने शरीर रक्त पातळ ठेवणारी गोळी निकामी करून बाहेर टाकत असते. ती वाट अडली की नेहमीच्याच मात्रेत घेतलेली गोळी शरीरात साचते आणि रक्त हवे त्यापेक्षा पातळ होते. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या रुग्णात सीबीडी सुरू केल्यावर गोळीची मात्रा कमी करावी लागल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. झडप बदललेल्या बाईच्या बाबतीत दोन्ही टोके धोक्याची: रक्त जास्त पातळ झाले तर रक्तस्राव, आणि भीतीने गोळी बंद केली तर झडपेवर गुठळी. तेलात टीएचसी असेल, तर चक्कर, छातीत धडधड आणि रात्री उठताना तोल जाणे ही भर पडते, आणि या वयात एक पडणे किती महाग पडते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग किंवा काळी शौच दिसली, तर तपासणीची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

ती बाटली हातात घेऊन एकदा नीट वाचा. औषध परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, तुकडी क्रमांक, टीएचसी आणि सीबीडी किती मिलिग्रॅम हे त्यावर आहे का? भांग ही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत आहे, म्हणजे ती असलेल्या आयुर्वेदिक औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते. वैद्य किंवा डॉक्टरांनी तपासून, चिठ्ठी लिहून दिलेले औषध आणि पिकाचा दलाल खिशातून काढून देतो ते औषध, यांत हाच फरक आहे. बाजारात ‘हेम्प सीड ऑइल’ या नावाने जे मिळते, ते बियांचे खाद्यतेल असते. त्यात सीबीडी जवळपास नसते, त्यामुळे त्याने गुडघा दुखायचा थांबेल ही अपेक्षाच चुकीची. दुकानातून मनाने आणलेली वेदनाशामक गोळीही आईला देऊ नका, रक्त पातळ असताना तीही पोटात रक्तस्राव करू शकते. अस्थिरोगतज्ज्ञांना झडपेची फाइल दाखवा आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्या. रोज पंधरा मिनिटे तुम्ही तिच्याशेजारी बसून करून घेतलेत, तर ती ते नक्की करील.

आता काय करायचे ते सांगते. माळ्यावरचे पोते उतरवून उजेडात पाहा. नुसते बी असेल, तर ते बंद राहू द्या. त्यात सुकलेले शेंडे किंवा फुलांचा चुरा दिसला, तर त्याला हात न लावता त्याच दिवशी वकिलाला गाठा. कोणालाही मूठभरसुद्धा देऊ नका, आणि परड्यात कोंबड्यांपुढे टाकू नका, कारण ते उगवेल. मग निपाणी किंवा चिकोडीच्या न्यायालयातील एखाद्या फौजदारी वकिलाला पावती, करार आणि झेरॉक्स दाखवून त्यांच्या सल्ल्याने पोते परत करण्याचे आणि २५,००० रुपये मागण्याचे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा; ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीत विचारा. दुसरे पत्र बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि अबकारी खात्याच्या उपायुक्तांना लिहा. त्यात एवढाच प्रश्न असू द्या: एनडीपीएस कायद्याच्या १४ व्या कलमाखाली आमच्या जिल्ह्यात धाग्यासाठी किंवा बियांसाठी लागवडीची मुभा देणारा राज्य सरकारचा आदेश आहे का, आणि असल्यास अर्ज कोणाकडे करावा? वर पोच घ्या. उत्तर आले नाही, तर हाच प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात विचारा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुतण्यावर रागावू नका, पण त्याच्या ओळखीच्या गृहस्थांनी गावात आणखी कोणाकोणाकडून पैसे घेतले आहेत, हे त्याच्याकडून समजून घ्या आणि त्या घरांना हे पत्र वाचून दाखवा.

कराराची कन्नड आणि इंग्रजी प्रत मला पाठवा. कन्नड मला चांगले वाचता येते. एकेक कलम मराठीत लिहून मी तुम्हाला आठवडाभरात परत पाठवते. आईच्या आयएनआरचा आकडाही कळवा.